नव्या एरोबॅटिक विमानाची चाचणी उड्डाणे: पहिल्या टेकऑफपासून ट्रिम बसेपर्यंत

कित्येक महिने बाल्सा (हलके लाकूड) घासून, इस्त्रीने फिल्म चढवून आणि एकेक हिंज (बिजागरी) चिकटवून तयार केलेले, रेडिओवर चालणारे मॉडेल विमान मैदानावर उभे राहिले, की ते पूर्ण झाले असे वाटते. खरे तर तेव्हा त्याचे निम्मेच काम झालेले असते. प्रिसिजन एरोबॅटिक, म्हणजे नेमक्या हवाई कसरती करणारे विमान, ज्याला मैदानावर सगळे ‘पॅटर्न विमान’ म्हणतात, ते उरलेले निम्मे हवेत जुळवावे लागते, आणि त्याला पंधरा-वीस उड्डाणे सहज लागतात. ट्रेनर (शिकाऊ विमान) आणि त्यानंतरचे एखादे एलेरॉनचे (पंखाच्या मागच्या कडेला हलती पट्टी असलेले) विमान ज्यांना सफाईने उडवता येते, पण स्वतः बांधलेल्या पॅटर्न विमानाची चाचणी ज्यांनी आजवर कधी घेतलेली नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणादाखल मी विजेवर चालणारे मोठे विमान धरले आहे. एफ३ए या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात पंखविस्तार आणि लांबी प्रत्येकी २ मीटरपर्यंत चालते, त्या मापाचे. दीड मीटरच्या विमानालाही हाच क्रम लागू पडतो.

चाचणी कशासाठी, हे आधी नीट समजून घ्यावे. पॅटर्नमध्ये ४५ अंशांची रेषा ४५ अंशांचीच आणि उभी रेषा ओळंब्यासारखी उभीच दिसावी लागते. वाऱ्यामुळे होणारी सुधारणा वैमानिकाला सतत करावीच लागते. त्यात विमानाच्या स्वतःच्या खोडींची भर पडली, तर दोन्ही हात केवळ दुरुस्तीत गुंततात. म्हणून आपल्याला असे विमान हवे, जे सांगितल्याशिवाय काहीही करत नाही. ते मिळवण्याचा एक क्रम आहे आणि तो मोडला की कष्ट वाया जातात: आधी सरळपणा, मग गुरुत्वमध्य, मग मोटरचा कोन, आणि रेडिओतली मिक्सिंग (एका नियंत्रणाबरोबर दुसरे आपोआप थोडे हलवण्याची सोय) अगदी शेवटी. यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीचे उत्तर बदलते. गुरुत्वमध्य बसायच्या आधी मिक्सिंग भरले, तर गुरुत्वमध्य हलवताच ते सगळे पुसून पुन्हा भरावे लागते.

घरी, टेबलावर

विमान पूर्ण जोडून सपाट जागी ठेवावे. रडरच्या (शेपटाच्या उभ्या हलत्या पट्टीच्या) हिंजरेषेपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत न ताणणाऱ्या दोऱ्याने अंतर मोजावे. दोन्ही बाजू सारख्या भरायला हव्यात. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही मला चालत नाही, कारण पंख तिरका बसला असेल तर त्याचे उत्तर कोणत्याही ट्रिममध्ये (स्टिक सोडल्यावर विमान सरळ जावे म्हणून पट्ट्यांना दिलेल्या बारीक कलात) नाही. त्यानंतर इन्सिडन्स (पंख धडाला ज्या कोनात बसतो तो) मोजणारे मीटर लावून डाव्या आणि उजव्या पंखाचा कोन तपासावा. आराखड्यात दिलेला कोन कितीही असो, दोन्ही पंखांचा कोन एकच हवा. पंखाच्या बुडाशी कोन बदलण्यासाठी अॅडजस्टर बसवलेले असतील तर हे काम पाच मिनिटांचे आहे. बांधतानाच ते बसवून घेतले तर पुढे फार त्रास वाचतो.

मग लिंकेज, म्हणजे सर्व्होपासून (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरपासून) पट्टीपर्यंतची जोडणी. रेडिओ चालू ठेवून प्रत्येक कंट्रोल सरफेसचे (हलत्या पट्टीचे) टोक चिमटीत धरावे आणि हलकेच वर-खाली करून पाहावे. बोटांना ‘टक्’ असे काही जाणवले तर कुठेतरी खेळ (ढिलेपणा) आहे: क्लेव्हिसच्या (सळईच्या टोकाच्या चिमट्याच्या) पिनमध्ये, हॉर्नच्या (पट्टीवरच्या दांडीच्या) भोकात किंवा सर्व्होच्या गिअरमध्ये. खेळ असलेला एलेव्हेटर (शेपटाची आडवी, नाक वर-खाली करणारी पट्टी) दर वेळी वेगळ्या जागी मध्यावर येतो, आणि अशा विमानाचे ट्रिम आयुष्यभर बसत नाही. सर्व्होचा आर्म मध्यावर असताना पुशरॉडशी (जोडणीच्या सळईशी) काटकोनात हवा. आर्म लांब लावून रेडिओत ट्रॅव्हल (सर्व्होच्या हालचालीची मर्यादा) कमी करण्यापेक्षा आर्म आखूड लावून ट्रॅव्हल पूर्ण वापरावा. त्यामुळे सर्व्होचा जोरही वाढतो आणि बारीक हालचालही नेमकी होते.

एलेव्हेटरच्या दोन्ही भागांना वेगवेगळे सर्व्हो असतील, तर ते केवळ मध्यावर जुळले म्हणून भागत नाही. वर पूर्ण, खाली पूर्ण आणि दोन्हींकडे अर्ध्यावर, अशा सगळ्या जागी ते जुळायला हवेत. हे मी आवर्जून सांगतो, कारण माझे एक विमान प्रत्येक लूपमध्ये (हवेतल्या उभ्या वर्तुळात) डावा पंख पाडत असे. पंख जड आहे असे समजून मी टोकाला शिसे चिकटवत गेलो आणि तीन रविवार त्यात घालवले. शेवटी घरी विमान उलटे ठेवून दोन्ही भागांना स्केल लावली, तेव्हा पूर्ण ‘अप’ दिल्यावर एक भाग दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर कमी उचलतो आहे असे आढळले. मध्यावर दोघे तंतोतंत एका रेषेत होते. शिसे काढले, सर्व्होचा ट्रॅव्हल जुळवला आणि लूप सरळ झाले.

हालचालीचे कोन सुरुवातीला माफक ठेवावेत: एलेव्हेटर १० ते १२ अंश, एलेरॉन १२ ते १५ अंश, रडर मात्र २५ ते ३० अंशांपर्यंत. एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल सौम्य करणारी सोय) ३० टक्क्यांच्या आसपास असला की बहुतेकांच्या हाताला रुचते. एलेव्हेटरचा जास्तीचा रेट (हालचालीची मोठी मर्यादा) एका स्विचवर तयार असावा. गुरुत्वमध्य अंदाजापेक्षा पुढे निघाला, तर उतरताना नाक उचलायला तो कामी येतो.

गुरुत्वमध्य आराखड्यात दिलेल्या टप्प्याच्या पुढच्या टोकाला ठेवून सुरुवात करावी. नाकाला किंचित जड असलेले विमान कंटाळवाणे उडते, पण परत येते. शेपटाला जड असलेल्या विमानाची तशी खात्री देता येत नाही. बॅटरीची जागा फ्यूजलाजमध्ये (धडात) पेनाने आखून ठेवावी, म्हणजे पुढे ‘५ मिलिमीटर मागे’ या म्हणण्याला अर्थ राहील. आडवा तोलही पाहावा. पुढे मोटरच्या शाफ्टला आणि मागे शेपटाच्या तळाला दोऱ्याने विमान लटकवले, की जो पंख जड असतो तो खाली जातो. हलक्या पंखाच्या टोकाला थोडे शिसे लावून तो सुधारावा.

रेडिओची कामे करताना प्रॉप (प्रोपेलर) काढलेला असावा. याला अपवाद नाही. मोठ्या प्रॉपचा घाव हाडापर्यंत जातो. थ्रॉटल होल्डचा (मोटर चुकून सुरू होऊ न देणारा) स्विच नेमावा. फेलसेफमध्ये (रेडिओचा सिग्नल तुटल्यावर) मोटर बंद होते, हे ट्रान्समीटर प्रत्यक्ष बंद करून पाहावे. टायमर चार मिनिटांवर लावावा. मग विमानाच्या मागे उभे राहून दिशा तपासाव्यात: स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर, रडर स्टिक उजवीकडे नेली की रडर उजवीकडे. उलटा जोडलेला एलेरॉन स्वतःच्या डोळ्यांना अनेकदा दिसत नाही, कारण आपल्याला हवे तेच आपण पाहतो. म्हणून हीच तपासणी मैदानावर दुसऱ्याकडून, मोठ्याने बोलून करून घ्यावी.

प्रॉप लावल्यावर विमान कोणाकडून तरी पक्के धरवून, वॉटमीटर जोडून, काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्यावा. येणारा अँपिअरचा आकडा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) आणि बॅटरी या दोन्हींच्या मर्यादेत असावा.

मैदान, हवा आणि नियम

आपल्याकडे ड्रोन नियम, २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. जाण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर मैदान हिरव्या क्षेत्रात आहे ना, ते पाहावे. हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पॅटर्न उडवणाऱ्याने हा आकडा विशेष लक्षात ठेवावा, कारण स्पर्धेत विमान सुमारे १५० मीटर दूर उडते आणि कसरतींची चौकट ६० अंशांच्या कोनापर्यंत वर जाते. हिशेब केला तर ती उंची २६० मीटरच्या आसपास भरते. तेव्हा वरच्या उंचीची रीतसर परवानगी नसेल, तर चाचणीच्या रेषा आखूडच ठेवाव्यात.

वेळ सकाळची, सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांतली. घाटमाथ्यावर उन्ह चढले की काळ्या जमिनीवरून हवेचे गरम लोट उठू लागतात. मग विमानाने नाक उचलले ते आपल्या ट्रिममुळे की हवेमुळे, हे सांगता येत नाही. कोकणपट्टीत दुपारचा समुद्रवारा तेच करतो. घारीही त्याच लोटांवर वर चढतात आणि विमानाच्या आसपास घिरट्या घालतात. सकाळी लवकर त्या सहसा खाली असतात. उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, आणि ३५ अंश तापमानात तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. त्यामुळे स्टॉलचा (ज्याच्या खाली पंखाची उचल तुटते तो) वेग ६-७ टक्क्यांनी वाढतो. परदेशी आराखड्यावरून बांधलेले विमान इथे उतरताना थोडे वेगात आले, तर दचकू नये.

सोबत एक जाणकार मदतनीस असावा. तो आपल्या शेजारी उभा राहून वेळ, इतर विमाने आणि धावपट्टीवर आलेली माणसे किंवा जनावरे यांवर लक्ष ठेवेल, आणि आपण सांगू ते वहीत टिपून घेईल. बाकी सगळ्यांनी आपल्या मागे थांबावे. पहिल्या उड्डाणाला गर्दी जमवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहणाऱ्यांसाठी काहीतरी करून दाखवण्याची इच्छा त्या दिवशी घातक ठरते.

पहिले उड्डाण

रेडिओची रेंज टेस्ट उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर करावी: एकदा मोटर बंद ठेवून, एकदा मदतनिसाने विमान धरलेले असताना मोटर चालवून. मोटर चालताना सर्व्हो थरथरले, तर त्या दिवशी उड्डाण नाही. त्यानंतर जमिनीवरून थोडे चालवून पाहावे. विमान एका बाजूला ओढत असेल, तर चाके आधी सरळ करावीत.

टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवावा आणि दिशा रडरने राखावी. विमान स्वतःहून हलके होऊ लागले की एलेव्हेटरने अलगद उचलावे. सरळ चढत ५०-६० मीटर उंची गाठल्याशिवाय वळू नये. वर पोहोचल्यावर थ्रॉटल निम्म्यावर आणून एक मोठे, निवांत वर्तुळ घ्यावे. इथे ट्रिमच्या बटणांकडे लगेच हात जातो. तो आवरावा, आणि विमान सरळ, समतल रेषेत आले की आधी एलेरॉन, मग एलेव्हेटर आणि शेवटी रडर या क्रमाने एकदोन टिकटिक करून सोडावे. प्रत्येक बदलानंतर विमानाला सरळ रेषेत निदान तीन-चार सेकंद मोकळे सोडून पाहावे. वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याच्या विरुद्ध अशा दोन्हीकडे पाहिल्याशिवाय ट्रिम बसले असे मानू नये.

दोन मिनिटे झाली की तेवढ्याच उंचीवर थ्रॉटल बंद करून वेग कमी करावा आणि नाक हळूहळू उचलत स्टॉल येऊ द्यावा. नाक सरळ खाली गेले तर उत्तम. एखादा पंख झटकन पडला तर तो कोणता, ते मदतनिसाला सांगावे. ही चाचणी टाळू नये, कारण उतरताना विमान कोणत्या वेगाला आपल्याला सोडून देणार, हे दुसऱ्या कशानेही कळत नाही. त्यानंतर उंचावरच एकदा उतरण्याची तालीम करावी आणि मग खरोखर उतरावे. रोल, लूप काहीही या उड्डाणात करायचे नाही. चौथ्या मिनिटाला विमान जमिनीवर हवे.

उतरल्यावर बॅटरीच्या सेलचे व्होल्टेज पाहावे. थोडा वेळ गेल्यावरही सेल ३.७ व्होल्टच्या खाली असतील, तर टायमर कमी करावा. मोटर, ईएससी आणि बॅटरीला हात लावून पाहावा. स्पिनर (प्रॉपवरची टोपी), मोटर माउंट, पंखाचे बोल्ट आणि क्लेव्हिस पुन्हा तपासावेत, कारण पहिल्या उड्डाणातल्या कंपनाने न ढिले होणारे स्क्रूही ढिले होतात. ट्रिम किती टिकटिकींवर बसले ते वहीत लिहावे, क्लेव्हिस फिरवून सरफेस त्याच जागी आणावेत आणि रेडिओतले ट्रिम शून्यावर घ्यावे.

गुरुत्वमध्य

दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणापासून खरी चाचणी सुरू होते. तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर ४५ अंशांत वर जावे, अर्धा रोल करून विमान उलटे करावे आणि एलेव्हेटर सोडून द्यावा. उलटे असूनही विमान त्याच रेषेत बराच वेळ चढत राहिले आणि मग सावकाश खाली वाकू लागले, तर गुरुत्वमध्य जवळपास बसला आहे. लगेच नाक जमिनीकडे पडले, तर ते नाकाला जड आहे. उलट, ते अधिकच वर चढू लागले तर शेपटाला जड आहे, आणि मग तत्काळ सुलटे करून उतरावे. बॅटरी एका वेळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवू नये. प्रत्येक सरकवणीनंतर सरळ उड्डाणाचे एलेव्हेटर ट्रिम पुन्हा बसवावे आणि मगच हीच चाचणी पुन्हा घ्यावी. हे विसरले तर चाचणी गुरुत्वमध्याची न राहता जुन्या ट्रिमची होते.

पंखाचे वजन याच वेळी पाहून घ्यावे. सरळ उड्डाणात एलेरॉन ट्रिम बसलेले विमान उलटे करावे आणि पंख समतल करून स्टिक सोडावी. पंखातल्या पिळामुळे ट्रिम द्यावे लागले असेल, तर उलट्यातही ते पिळाला तोलते आणि विमान समतल राहते. पंख जड असल्यामुळे ते द्यावे लागले असेल, तर उलट्यात ट्रिम आणि वजन एकाच दिशेने ओढतात आणि जड पंख स्पष्टपणे खाली जातो. मग हलक्या पंखाच्या टोकाला पाच-पाच ग्रॅमने शिसे वाढवत जावे.

मोटरचा कोन आणि पंखाचा कोन

वारा नसताना, पंख अगदी समतल ठेवून, पूर्ण थ्रॉटलवर विमान सरळ उभे वर न्यावे आणि मध्यावर आलेल्या स्टिकना हात लावू नये. वेग कमी होत जाताना विमान डावीकडे झुकत असेल, तर मोटरला आणखी उजवा कोन हवा. उजवीकडे झुकत असेल तर कमी. वेगात असतानाच ते एका बाजूला जात असेल तर दोष रडरच्या ट्रिमचा, मोटरचा नाही. हा फरक डोळ्यांना जाणवायला चार-पाच प्रयत्न लागतात. दोन्ही दिशांनी येऊन पाहावे, आणि खालच्या उंचीवरून सुरुवात करायची असल्यामुळे विमान हाताळण्याची चांगली सवय झाल्यावरच ही चाचणी घ्यावी. मोटर माउंटच्या मागे वायसर घालून कोन बदलतो. बोल्टमधले अंतर ६० मिलिमीटर असेल, तर १ मिलिमीटरच्या वायसरने साधारण १ अंश मिळतो. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरवर थांबावे.

खाली येणारी उभी रेषा थ्रॉटल बंद करून पाहायची. गुरुत्वमध्य बसलेला असूनही विमान कॅनोपीच्या (पाठीवरच्या कॉकपिटच्या काचेच्या) बाजूला ओढत रेषेतून बाहेर येत असेल, तर पंखाचा इन्सिडन्स पाव अंशाने कमी करावा. पोटाच्या बाजूला जात असेल तर वाढवावा. इन्सिडन्स बदलला की सरळ उड्डाणाचे ट्रिम बदलते, आणि गुरुत्वमध्याची चाचणीही पुन्हा एकदा घ्यावी लागते. असे मागे-पुढे जाणे नवख्याला निराश करते, पण प्रत्येक फेरीत दुरुस्ती आधीपेक्षा लहान होत जाते, आणि वहीतले आकडे ते दाखवतात.

एलेरॉन डिफरन्शिअलसाठी विमान आपल्याकडे आणून उभे वर न्यावे आणि वर जाताना अर्धा रोल करावा. उजवा रोल करताना रेषा डावीकडे सरकली तर डिफरन्शिअल वाढवावे, म्हणजे वर जाणाऱ्या एलेरॉनच्या मानाने खाली जाणारा कमी करावा. रोलच्याच दिशेला सरकली तर कमी करावे.

मिक्सिंग, सर्वांत शेवटी

नाइफ एज, म्हणजे विमान एका कुशीवर आडवे ठेवून रडरने उंची राखणे, ही पॅटर्न विमानाची खरी कसोटी आहे. रडर दिल्यावर बहुतेक विमाने थोडीफार पोटाकडे किंवा कॅनोपीकडे वळतात आणि थोडासा रोलही करतात. डाव्या आणि उजव्या, अशा दोन्ही कुशींवर निदान तीन-तीन वेळा पाहून, मदतनिसाकडून टिपून घेऊन मगच रडरवरून एलेव्हेटरचे आणि एलेरॉनचे मिक्सिंग भरावे. दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे निघाले तरी हरकत नाही. ते दोन-चार टक्के भरले तर विमान चांगले बांधले आहे. १५-२० टक्के लागत असतील, तर मिक्सिंग तिथेच थांबवून विमान पुन्हा टेबलावर घ्यावे, कारण एवढा मोठा आकडा रेडिओने झाकलेला पंखाचा किंवा शेपटाचा दोष असतो. झाकलेला दोष वेग बदलताच पुन्हा डोके वर काढतो.

खाली येताना थ्रॉटल बंद असतानाच दिसणारी अगदी किरकोळ ओढ उरली असेल, तर तिच्यासाठी थ्रॉटलवरून एलेव्हेटरचे एक-दोन टक्के मिक्सिंग पुरते. ते बसल्यावर वहीत त्या दिवशीची तारीख, बॅटरीची जागा, वायसरची जाडी, इन्सिडन्स आणि सगळे ट्रिम एकाच पानावर लिहून ठेवावेत, आणि रेडिओतल्या मॉडेलची प्रत वेगळ्या नावाने साठवावी.